चार्जिंगची जागा कोणाची, किती वेळ?

पेट्रोल पंपावर गाडी लावून कोणी घरी झोपावयास जात नाही. विजेच्या वाहनाचे मात्र तसे होते, कारण तेथे इंधन भरणे आणि वाहन उभे करणे या दोन गोष्टी एकाच जागी, एकाच वेळी घडतात. सार्वजनिक वाहनतळावरील बहुतेक तंटे यातूनच उद्भवतात.

हिशेब साधा आहे. मोटारीची ३० युनिटांची बॅटरी ३.३ किलोवॅटच्या चार्जरवर नऊ-दहा तासांत, ७.४ किलोवॅटच्या चार्जरवर चार-साडेचार तासांत भरते. जलद चार्जर हे काम तासाभरात करतो, परंतु तो महाग असतो आणि त्याला वीजजोडणीही मोठी लागते. दुपारी चार तासांत भरलेली गाडी रात्रीपर्यंत हललीच नाही, तर चार्जर असूनही तो इतरांसाठी नसल्यासारखाच. नेदरलँड्समध्ये अशा चालकासाठी ‘चार्जिंगच्या खांबाला चिकटलेला’ या अर्थाचा एक शब्दच रूढ झाला आहे. भाषेने ज्याला नाव दिले, तो उपद्रव किरकोळ नसणार!

म्हणून केवळ युनिटप्रमाणे दर आकारून भागत नाही. बॅटरी भरल्यावर थोडी सवलत द्यावी आणि त्यानंतर मिनिटागणिक शुल्क घ्यावे. घराजवळच्या जागांवर रात्री मात्र हे शुल्क नसावे. मध्यरात्री उठून गाडी हलवा, असे कोणास सांगणे योग्य नव्हे.

याहून महत्त्वाचा प्रश्न जागा कोठे असाव्यात, हा आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये चार्जिंग केंद्रासाठी परवान्याची अट ठेवली नाही. २०१९ मध्ये आदर्श इमारत उपविधींत दुरुस्ती होऊन वाहनतळाच्या २० टक्के क्षमतेला चार्जिंगची सोय असावी, असे सुचविले गेले. हे स्वागतार्हच; पण त्याचा लाभ प्रामुख्याने नव्या इमारतींना. चाळीत किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने काय करावे? ॲम्स्टरडॅमने येथे वेगळी वाट धरली. स्वतःची वाहनजागा नसलेल्या रहिवाशाने अर्ज केला, की पालिका त्याच्या घराजवळच्या रस्त्यावर चार्जरचा विचार करते. ज्याच्याकडे अंगण नाही, त्याची गरज तेथे प्रथम मोजली गेली.

आपल्याकडे ही गरज मोटारीपेक्षा रिक्षा आणि दुचाकीची अधिक आहे. माझा एक माजी विद्यार्थी विजेची रिक्षा चालवितो. दुसऱ्या मजल्यावरील खोलीतून खाली सोडलेल्या वायरीवर ती भरते. पावसाळ्यात घरमालक वायर काढावयास लावतो, आणि त्या दिवसाची मिळकत बुडते. रिक्षाला जलद चार्जर लागत नाही, ३.३ किलोवॅटवर तीन-चार तास पुरतात. वस्तीजवळच्या मंडईच्या वाहनतळावर, जो रात्री रिकामाच असतो, असे चार-सहा चार्जर बसविले, तर नऊला परतणारा चालक आपली रिक्षा लावील आणि एक वाजता रात्रपाळी संपविणारा तीच जागा घेईल. पाळ्यांची वही रिक्षा थांब्यावरच ठेवता येईल.