गाठीची कड

मेंदूतली गाठ ओळखायला संगणकाला शिकवायचं, तर आधी कोणीतरी शेकडो गाठी हाताने रंगवून द्याव्या लागतात. रेडिऑलॉजिस्ट मॅडमच्या शेजारी बसून मी हे काम करते. पडद्यावर एकाच मेंदूच्या चार एमआरआय मालिका असतात: साधी टी-वन, कॉन्ट्रास्टनंतरची टी-वन, टी-टू आणि फ्लेअर. कॉन्ट्रास्ट म्हणजे शिरेतून दिलेलं गॅडोलिनियम. निरोगी मेंदूतल्या रक्तवाहिन्या ते बाहेर झिरपू देत नाहीत. गाठीने जिथे ही अडवणूक मोडली, तिथे ते पाझरतं आणि पांढरं चमकतं. फ्लेअरमध्ये मेंदूतल्या मोकळ्या पाण्याचा उजेड दाबलेला असतो, म्हणून सूज उठून दिसते. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या गाठीत बहुतेकदा मध्ये काळपट, मेलेला भाग, त्याभोवती वेडंवाकडं चमकणारं कडं आणि बाहेर सूज. तिन्ही भागांना तीन रंग द्यायचे.

ऐकायला सोपं वाटतं. मी एका चमकत्या ठिपक्यावर ब्रश नेला की मॅडम म्हणतात, “थांब गं. आधीची टी-वन उघड.” उघडते, तर तोच ठिपका कॉन्ट्रास्ट देण्याआधीही पांढराच. “ऑपरेशननंतरचं रक्त आहे ते. गाठीत धरू नकोस.” मग सुजेची कड. मॅडम एक रेघ ओढतात, एक स्लाइस वर जातात, एक खाली येतात, रेघ पुसतात आणि थोडी आत घेतात. अंधाऱ्या खोलीत बराच वेळ फक्त माउसचा आवाज असतो. किरणोपचार झालेल्या मेंदूत तर आणखी पंचाईत, कारण उपचाराने झालेला बदलही गाठीसारखाच चमकू शकतो.

अशा रंगवलेल्या स्कॅनवर जगभरच्या प्रणालींची परीक्षा घेणारी ‘ब्रॅट्स’ स्पर्धा 2012 पासून चालू आहे. तिच्या सुरुवातीच्या वर्षांचा अहवाल 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट यंत्राबद्दलची नाही. गाठीचे वेगवेगळे भाग रंगवताना तज्ज्ञांचं आपसातच 74 ते 85 टक्के जुळलं होतं. यात कोणाचा हलगर्जीपणा नव्हता. ग्लायोमा जातीच्या या गाठींच्या पेशी दिसणाऱ्या कडेच्या पलीकडेही शिरलेल्या असतात. आपण रंगवतो ती दिसण्याची कड, आजाराची नव्हे. संगणकही तेवढीच शिकतो. यंत्राने गाठ ‘अचूक’ शोधल्याची बातमी वाचताना हे कायम लक्षात ठेवावं, असं माझं ठाम मत आहे.

पुढची पायरी संगणकाची. सीटी स्कॅनमध्ये आकड्यांना ठरलेलं माप असतं, एमआरआयमध्ये नसतं. दोन मशीनवर एकाच मेंदूचा उजेड वेगळा येतो. म्हणून आधी कवटी वगळून सगळे आकडे एका पातळीवर आणावे लागतात. मग ते यू-नेट जातीच्या ‘न्यूरल नेटवर्क’ जाळ्यात जातात. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठात 2015 मध्ये मांडलेली ही रचना. चित्र लहान लहान करत ‘काय आहे’ ते ती ओळखते आणि पुन्हा मोठं करताना आधीचा बारीक तपशील जोडून घेत ‘नेमकं कुठे’ ते ठरवते.

यश मोजतानाही फसगत होते. चार सेंटिमीटर व्यासाची गाठ मेंदूच्या जेमतेम अडीच टक्के असते. म्हणजे ‘सगळं निरोगी आहे’ एवढंच सांगणारी प्रणालीही साडेसत्त्याण्णव टक्के बरोबर ठरेल! म्हणून डॉक्टरांचा रंग आणि यंत्राचा रंग एकमेकांवर किती बसतात, तेवढंच पाहतात. त्यातही लहान गाठींचे हाल होतात. पाच मिलीमीटर त्रिज्येच्या गोल गाठीची कड सगळीकडून एक मिलीमीटर आत धरली, तर तिचं आकारमान जवळपास निम्मं भरतं. पंचवीस मिलीमीटर त्रिज्येच्या गाठीत तीच चूक साधारण साडेअकरा टक्क्यांची. स्कॅनच्या स्लाइसच पाच मिलीमीटर जाडीच्या असतील, तर लहान गाठीचं माप कसं विश्वासाचं धरायचं?

तरीही या कामावर माझा विश्वास आहे, आणि तो मुख्यतः तुलनेसाठी. त्याच रुग्णाचा काही महिन्यांनी पुन्हा एमआरआय होतो, तेव्हा गाठ वाढली का, हा प्रश्न जिवाचा असतो. दोन्ही वेळा सगळ्या स्लाइस एकाच नियमाने रंगवणं माणसाला थकवणारं आहे. यंत्र थकत नाही. ते पहिला रंग भरतं, डॉक्टर प्रत्येक कड तपासतात, हवी तिथे सुधारतात. ही तपासणी वगळून कुणी यंत्राचा आकडा थेट रिपोर्टमध्ये घालत असेल, तर ते चूक आहे.

पण तुलनेला जुना स्कॅन पूर्ण लागतो, आणि नातेवाईक पुष्कळदा फक्त फिल्मचं पाकीट किंवा फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो घेऊन येतात. त्यावरून आकारमान मोजता येत नाही. म्हणून घरात कोणाचाही मेंदूचा एमआरआय झाला, तर सेंटरवरून सगळ्या मालिकांची डायकॉम (मूळ डिजिटल स्वरूपातली) सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागून घ्या, घरी तिची प्रत काढून ठेवा आणि पुढच्या स्कॅनला जाताना ती आठवणीने सोबत न्या.