घर विकताना: सजावट आणि सत्य

पेठेतील जुने घर विकून नव्या वसाहतीत राहावयास जाण्याचा विचार सातारा-सांगलीकडील अनेक व्यापारी कुटुंबांत चालू असतो. घर दाखविण्याची वेळ आली की पहिला सल्ला मिळतो, ‘आधी रंग देऊन घ्या.’ सल्ला वावगा नाही. दुकानातील माल आपण झटकून, उजेडात मांडतो. मग घरानेही नीटनेटके का दिसू नये?

घर पाहणारा तेथे आपला संसार कसा मांडता येईल, हे मनात जुळवीत असतो. म्हणून माळ्यावरची पोती, जुन्या वह्यांचे गठ्ठे, मोडके सामान आधी हलवावे. गळका नळ, न लागणारी कडी दुरुस्त करावी. वाड्याचे माजघर अंधारे असते. तेथे चांगला दिवा लावावा. खिडक्या उघडून घर शक्यतो दिवसाच दाखवावे. घरात जिनप्रतिमा असेल तर तिच्या स्थलांतराचा निर्णय जाणत्यांच्या सल्ल्याने अगोदरच घ्यावा.

खरा प्रश्न याच्या पुढे आहे. सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णेचे महापूर पाहिले. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. अनेक भिंतींवर त्या पाण्याची रेघ उमटली, पुढे लोणा लागला. साताऱ्याच्या जुन्या दगडी भिंतींना पावसाळ्यात ओल येते. उन्हाळ्यात रंगाचे दोन हात दिले की रेघही दिसत नाही आणि ओलही. पण घेणारा तळमजल्यावर हळदीची पोती वा कापडाचे गठ्ठे ठेवणार असेल, तर झाकलेल्या रेघेची किंमत त्याला पुढच्या पुरात मोजावी लागेल.

आपल्या आचार्यांनी गृहस्थाचा हा मोह नेमका ओळखला होता. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त श्रावकाने टाळावयाची पाच स्थूल असत्ये सांगितली, त्यांत भूमीविषयीचे असत्य स्वतंत्रपणे मोजले आहे. ‘तत्त्वार्थसूत्रा’त अचौर्यव्रताच्या अतिचारांमध्ये प्रतिरूपक-व्यवहार येतो, म्हणजे खोटे ते खरे म्हणून विकणे. देशाचा कायदाही वेगळे सांगत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विक्रेत्यास ठाऊक असलेला आणि खरेदीदारास सामान्य काळजी घेऊनही न दिसणारा मिळकतीतील वा हक्कातील महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे.

तेव्हा रंग अवश्य द्यावा, पण आधी ओलीचे मूळ शोधून दुरुस्ती करावी. कोणत्या साली पाणी किती फूट चढले, किती दिवस राहिले, नंतर काय दुरुस्त केले, हे एका कागदावर लिहून साठेखतापूर्वीच हाती द्यावे. मिळकत पत्रिका, घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या आणि घर निळ्या वा लाल पूररेषेत येते का, याची माहितीही सोबत ठेवावी.

यामुळे भाव थोडा उतरेल, हे खरे. परंतु सर्व जाणून घेतलेला व्यवहार मागाहून बिनसण्याचे भय कमी. घर एकदाच विकले जाते. आपला शब्द मात्र त्याच बाजारपेठेत पुढील पिढीलाही चालवावयाचा असतो.