नफा काढण्याआधी: दिलेली माहिती पुरेशी आहे का?

स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांमध्ये ज्यांना सर्रास ‘डेटा सफिशियन्सी’ म्हणतात, त्या उदाहरणांत उत्तर काढायचे नसते. उत्तर निघू शकते का, एवढेच ठरवायचे असते. आधी एक प्रश्न आणि त्याखाली दोन विधाने, अशी त्यांची मांडणी असते. पहिले विधान एकटे पुरेसे आहे, दुसरे एकटे पुरेसे आहे, दोन्ही मिळून पुरेशी आहेत, दोन्हींपैकी कोणतेही एक चालेल, की दोन्ही मिळूनही पुरेशी नाहीत, यांतला एक पर्याय निवडायचा असतो. संघ लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत २०११ पासून असलेल्या ‘सीसॅट’ पेपरच्या अभ्यासक्रमात हा प्रकार आहे. बँकांच्या परीक्षांत आणि व्यवस्थापन शिक्षणाच्या ‘जीमॅट’ परीक्षेतही तो विचारला जातो. त्यातली बरीच उदाहरणे धंद्यातल्या खर्चाची आणि नफ्याची असतात.

अशा उदाहरणांचा पाया एका सूत्रात मावतो. विक्रीतून आलेल्या रकमेतून एकूण खर्च वजा केला की नफा उरतो. विक्रीची रक्कम म्हणजे भाव गुणिले विकलेला माल. एकूण खर्चाचे दोन भाग पडतात. दुकानाचे भाडे, यंत्राचा हप्ता, पगार हा स्थिर खर्च. माल कमी निघाला तरी तो टळत नाही. कच्चा माल, पोती, हमाली हा बदलता खर्च. तो मालाबरोबर वाढतो. म्हणजे नफ्याला चार गोष्टी लागतात: भाव, विकलेला माल, स्थिर खर्च आणि नगामागचा बदलता खर्च. चारही माहीत असतील तर उत्तर नक्की निघते. मात्र चारही माहीत नसल्या म्हणजे उत्तर निघतच नाही, असे नाही. या प्रकारातली खरी परीक्षा इथेच असते.

नगर जिल्ह्यात घरोघरी ओळखीचे असलेले कांद्याचे उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याने १०० क्विंटल गावरान कांदा चाळीत भरला. लागवडीपासून विक्रीपर्यंतचा सगळा खर्च १,२०,००० रुपये आला. चाळीत कांदा वाळतो, काही सडतो, त्यामुळे विकताना वजन भरते ते कमीच. प्रश्न असा: नफा किती झाला? विधान १: कांदा क्विंटलला १,८०० रुपये भावाने विकला. विधान २: साठवणीत २० टक्के घट आली.

पहिल्या विधानात भाव आहे, पण किती कांदा विकला गेला ते नाही. १०० ला १,८०० ने गुणून मोकळे होणारा विद्यार्थी घट विसरतो. दुसऱ्या विधानातून ८० क्विंटल कांदा उरला हे कळते, पण भाव कळत नाही. दोन्ही एकत्र केली की विक्री १,४४,००० रुपये आणि नफा २४,००० रुपये निघतो. उत्तर: दोन्ही मिळून पुरेशी.

आता प्रश्न थोडा बदलू. नफा किती हे न विचारता ‘तोटा झाला का?’ एवढेच विचारले. विधान १: भाव क्विंटलला १,१०० रुपये मिळाला. विधान २: घट २० टक्के आली. घट किती का असेना, विकलेला कांदा १०० क्विंटलपेक्षा जास्त असूच शकत नाही. म्हणजे विक्री फार तर १,१०,००० रुपये, आणि खर्च १,२०,०००. तोटा नक्की झाला. इथे पहिले विधान एकटे पुरेसे ठरते. किती तोटा झाला हे मात्र त्यावरून सांगता येत नाही, आणि प्रश्नाने ते विचारलेलेही नाही. म्हणून विधानांकडे वळण्याआधी प्रश्न दोनदा वाचावा आणि त्यात नेमके काय मागितले आहे ते पाहावे: रक्कम, टक्केवारी, की फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. ठाम ‘नाही’ हेही पूर्ण उत्तरच असते.

टक्केवारीच्या उदाहरणांत याच्या उलटही घडते. शिर्डीच्या रस्त्यावरच्या एखाद्या पेढ्यांच्या दुकानाबद्दल विचारले, की खर्चावर नफा किती टक्के? विधान १: विक्रीची किंमत खर्चाच्या सव्वापट आहे. विधान २: किलोमागे ८० रुपये नफा होतो. पहिल्या विधानात एकही रुपयाचा आकडा नाही, तरी उत्तर मिळते: नफा २५ टक्के. दुसऱ्यात रुपये आहेत, पण खर्च माहीत नसल्याने टक्केवारी निघत नाही. गुणोत्तर मागितले असेल तर गुणोत्तर पुरते. रक्कम मागितली असेल तर कुठे तरी रुपयांचा आकडा लागतोच.

दोन विधाने म्हणजे दोन समीकरणे, दोन समीकरणे म्हणजे दोन अज्ञात संख्यांची उकल, हा हिशेब बहुतेकांना पाठ असतो, आणि तिथेच घात होतो. समजा दूध उत्पादकाला सरकी पेंडीच्या एका पोत्याची किंमत काढायची आहे. विधान १: ३ पोती पेंड आणि २ पोती भुसा मिळून ८,००० रुपये झाले. विधान २: ६ पोती पेंड आणि ४ पोती भुसा मिळून १६,००० रुपये झाले. दुसरे विधान म्हणजे पहिल्याचीच दुप्पट. त्यातून नवे काहीच कळत नाही. उत्तर: दोन्ही मिळूनही अपुरी. दुसऱ्या विधानात ३ पोती पेंड आणि ४ पोती भुसा मिळून १०,००० रुपये असे असते, तर दोन पोती भुशाची किंमत २,००० निघाली असती, म्हणजे भुसा १,००० आणि पेंड २,००० रुपये पोते.

उलटा सापळाही असतो. गिऱ्हाइकाने पेढ्यांची काही ३० रुपयांची आणि काही ५० रुपयांची पाकिटे घेतली आणि १३० रुपये दिले. समीकरण एकच, अज्ञात दोन. पण पाकीट अर्धे फोडून विकत नाहीत. पूर्ण संख्यांत ५० ची दोन आणि ३० चे एक, एवढी एकच जोडी बसते. म्हणून हे एक विधान पुरेसे आहे. वस्तू मोजून विकल्या जात असतील तर हे आधी तपासून पाहावे.

सोडवण्याची रीत यातून आपोआप ठरते. प्रश्न वाचून नफ्याचे सूत्र मांडावे आणि काय माहीत नाही त्याची यादी करावी. मग दुसरे विधान हाताने झाकून फक्त पहिले पाहावे. नंतर पहिले पूर्ण विसरून फक्त दुसरे पाहावे. एका विधानातला आकडा नकळत दुसऱ्यात वापरणे ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. दोन्ही एकटी अपुरी ठरली, तरच ती एकत्र करावीत. शंका असेल तर विधानात बसणारे दोन वेगवेगळे आकडे घालून पाहावेत. उत्तरे दोन आली, तर माहिती अपुरी.

परीक्षेबाहेरही हा विचार नगर जिल्ह्याच्या अर्थकारणात पदोपदी लागतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गाळप हंगाम १९५०-५१ चा. तेव्हापासून उसाचा दर हा इथल्या शेतकऱ्याचा रोजचा विषय आहे. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्राने जाहीर केलेली ‘एफआरपी’ (उसाचा रास्त आणि किफायतशीर दर) १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,४०० रुपये होती आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३३.२० रुपये जास्त. महाराष्ट्रात यातून तोडणी आणि वाहतुकीचा खर्च वजा होतो. मग टनाला हातात किती येतील, या प्रश्नाला ‘३,४००’ हे उत्तर होऊच शकत नाही. हिशेबात धरलेला उतारा ११.२५ टक्के असेल तर दर ३,७३२ रुपये होतो, आणि तोडणी-वाहतूक ९०० रुपये धरली तर हाती २,८३२ येतात. दोन्ही आकडे हवेत. आणि एकरी नफा काढायचा, तर एकरी टनेज आणि लागवडीचा खर्चही हवाच.

खर्च म्हणजे नेमके काय, हाही प्रश्न आहेच. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात पिकांच्या उत्पादन खर्चाचा अभ्यास करणारी केंद्राची योजना राबवली जाते. अशा नोंदींवरून कृषी मूल्य आयोग वेगवेगळे खर्च काढतो. ‘ए-२’ म्हणजे शेतकऱ्याने प्रत्यक्ष केलेला खर्च; त्यात घरच्या माणसांच्या मजुरीचे मोल मिळवले की ‘ए-२ अधिक एफएल’; स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याज धरले की ‘सी-२’. समजा एका पिकाचा क्विंटलमागे ‘ए-२ अधिक एफएल’ खर्च ४,००० रुपये, ‘सी-२’ खर्च ५,००० रुपये आणि भाव ६,००० रुपये आहे. पहिल्या खर्चावर नफा ५० टक्के, दुसऱ्यावर फक्त २० टक्के. भाव तोच, शेत तेच. म्हणून ‘खर्चाच्या दीडपट भाव’ हे विधान कोणता खर्च ते सांगितल्याशिवाय अपुरेच राहते.

बाजार समितीतल्या हिशेबपट्टीवरचा आकडा असो, कारखान्याचा दर असो वा धंद्यात पैसे गुंतवण्याचे आमंत्रण असो, बेरीज-वजाबाकी करण्याआधी कोणता आकडा दिलेलाच नाही ते शोधावे. तो मिळेपर्यंत ‘आत्ता सांगता येत नाही’ हेच बरोबर उत्तर असते, आणि परीक्षेत त्यालाही पूर्ण गुण मिळतात.