सेकंद दुसरा, मग पहिला कोण?

शर्यतीत सेकंड आला म्हणजे दुसरा आला, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. घड्याळातला सेकंदही त्याच लॅटिन शब्दाचा वंशज. मग या दुसऱ्याच्या आधीचा पहिला कोण?

पहिला म्हणजे मिनिट. बॅबिलोनियातले खगोलाभ्यासक साठाच्या पटीत हिशेब करत. साठाला दोन, तीन, चार, पाच, सहा या सगळ्यांनी भाग जातो, त्यामुळे वाटण्या सोप्या होतात. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने ग्रहताऱ्यांची स्थानं मांडताना हीच रीत उचलली : वर्तुळाचे ३६० अंश, अंशाचे ६० भाग, त्या प्रत्येक भागाचे पुन्हा ६०. लॅटिनमध्ये पहिल्या वाटणीतला भाग झाला ‘पार्स मिनुता प्रिमा’, म्हणजे पहिला बारीक भाग; दुसऱ्या वाटणीतला ‘पार्स मिनुता सेकुंदा’, दुसरा बारीक भाग. एवढं लांबलचक नाव रोज कोण घेणार? पहिल्यातलं ‘मिनुता’ उरलं, दुसऱ्यातलं ‘सेकुंदा’. अरबीतही तोच प्रकार : मिनिट ‘दकीका’, म्हणजे बारीक, सेकंद ‘सानिया’, म्हणजे दुसरी.

हे भाग मुळात कोनाचे, पण तासालाही लागू झाले. इ. स. १०००च्या सुमारास अल-बिरुनीने चांद्रमासाच्या गणितात तासाचे मिनिट, सेकंदच नव्हे, तर तिसरे आणि चौथे भागही मांडले. आपल्या पंचांगातही साठाचंच राज्य : दिवसाच्या ६० घटिका, घटिकेची ६० पळं, पळाची ६० विपळं.

गंमत अशी की, इतकं बारीक मोजणारं घड्याळच तेव्हा नव्हतं. चौदाव्या शतकातल्या युरोपच्या मनोऱ्यांवरची घड्याळं तासापुरतीच. १६५६मध्ये क्रिस्तियान हायगेन्सने लंबकाचं घड्याळ केलं आणि दिवसाकाठची पाव तासाची चूक काही सेकंदांवर आली. कागदावरचा सेकंद तेव्हा कुठे कानांना ऐकू येऊ लागला.

पुढे त्याने दिवसाशीच फारकत घेतली. पृथ्वीची गिरकी एकसारखी नसते, म्हणून १९६७मध्ये सेकंदाची व्याख्या सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांवर बांधली गेली. दिवसाचे तुकडे करून सेकंद काढण्याचा काळ संपला. उलट, या सेकंदाशी पृथ्वीचा मेळ राहावा म्हणून १९७२पासून जगाच्या घड्याळांत २७ जादा सेकंद घालावे लागले आहेत. नावाने दुसरा असलेला सेकंद मोजमापात आता पहिला आहे. मिनिट, तास आणि दिवस त्याच्यावरून ठरतात.