दावा काढून घेताना

“वादीस प्रस्तुत दावा पुढे चालवणे नाही, सबब तो निकाली काढण्यात यावा.” महाराष्ट्रातल्या दिवाणी न्यायालयांत या आशयाच्या पुरसिस, म्हणजे न्यायालयाला दिलेली लेखी निवेदनं, नेहमी दाखल होतात. खाली वादीची सही, शेजारी वकिलाची, वर न्यायाधीशांचा हुकूम, की वर्षानुवर्षं चाललेलं प्रकरण रोजनाम्यावर संपतं. पुरसिस लिहायला जेमतेम पाच मिनिटं लागतात. तिचे परिणाम मात्र जन्मभर टिकू शकतात.

दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधला आदेश 23 हा विषय हाताळतो. नियम 1 नुसार वादी दावा दाखल झाल्यानंतर केव्हाही तो सगळा किंवा त्यातला काही भाग सोडून देऊ शकतो. 1967 साली हुलासराय बैजनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की पुन्हा दावा आणण्याची मुभा न मागता वादी बाहेर पडत असेल, तर न्यायालय त्याला सहसा दावा चालवायला भाग पाडू शकत नाही. प्रतिवादीचा खर्च मात्र त्याच्यावर बसू शकतो आणि त्याच विषयावर त्याच प्रतिवादीविरुद्ध नवा दावा आणता येत नाही. बाहेर पडणं हा वादीचा हक्क आहे, परत येणं मात्र न्यायालयाच्या परवानगीवर अवलंबून असतं.

परवानगी कधी मिळते?

समजा, शेताच्या हद्दीचा दावा आहे आणि त्यात गट नंबर किंवा चतुःसीमा चुकली आहे. किंवा सरकारविरुद्ध दावा आहे, पण संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीसच दिलेली नाही. अशा तांत्रिक दोषामुळे दावा फेटाळला जाणार असेल किंवा तसंच पुरेसं कारण असेल, तर न्यायालय मुभा देऊ शकतं. साक्षीपुरावा विरुद्ध गेला, अपिलात निकाल उलटण्याची चिन्हं दिसू लागली, म्हणून नव्याने डाव मांडायचा, हे कारण चालत नाही. के. एस. भूपती खटल्यात 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की ही परवानगी सवयीने देऊ नये. साधी चूक असेल तर आधी दुरुस्ती अर्जाचा विचार करावा, हे अनुभवी वकील सांगतात ते याचसाठी.

मुभा मिळाली तरी मुदतीचं घड्याळ थांबत नाही. नियम 2 सांगतो, की पहिला दावा झालाच नव्हता असं धरून मुदत मोजायची. अधिकारक्षेत्राचा किंवा तत्सम दोष असेल, तरच मुदत कायद्याच्या कलम 14 चा आसरा मिळू शकतो.

हक्कालाही कुंपण

वादी एकटा नसेल, तर सहवाद्यांच्या संमतीशिवाय त्याला दावा काढून घेण्याची परवानगी मिळत नाही. वादी अज्ञान (अल्पवयीन) असेल तर न्यायालयाची परवानगी लागते आणि दावा सोडणं त्याच्या हिताचं आहे असं प्रतिज्ञापत्र पालकमित्राला द्यावं लागतं. वाटपाच्या दाव्यात प्राथमिक हुकूमनामा झाला, की प्रतिवादी भावंडांचेही हिस्से ठरलेले असतात, त्यामुळे रुसलेला वादी एकट्याने ते पुसू शकत नाही. वादीने दावा सोडला आणि प्रतिवादीचा त्याच्या सहप्रतिवादीशी महत्त्वाचा प्रश्न उरला असेल, तर तो स्वतः वादी होण्याचा अर्ज करू शकतो. ही सोय नियम 1-अ मध्ये आहे.

समेट झाला असेल तर

पुष्कळ दावे बाहेर मिटतात म्हणून काढून घेतले जातात. इथेच मोठा धोका असतो. समोरच्याने पैसे देण्याचं तोंडी कबूल केलं, वादीने पुरसिस दिली आणि पैसे आलेच नाहीत, तर हातात हुकूमनामा नसतो. त्यापेक्षा नियम 3 प्रमाणे लेखी, सह्यांची तडजोड दाखल करून तिच्यावर हुकूमनामा घ्यावा. त्याची अंमलबजावणी मागता येते. लोकअदालतीतही हेच साधतं आणि तिथे कोर्ट फी परत मिळण्याची तरतूद आहे. पक्षकारांनी आपापसांत मिटवलेल्या वादातही फी परताव्याचा लाभ मिळावा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली मद्रास उच्च न्यायालयाच्या एका प्रकरणात मान्य केलं.

म्हणून पुरसिसवर सही करण्यापूर्वी वकिलाला विचारावं: आपण कायमचे बाहेर पडतोय, की परत यायची मुभा मागतोय? मुभा हवी असेल तर कारणांसह अर्ज द्यावा आणि हुकूम झाल्यावर त्याची सहीशिक्क्याची नक्कल घेऊन मुभेचे शब्द, खर्चाची अट नीट वाचावी. वकिलाने तोंडी दिलेला दिलासा पुढच्या दाव्यात कामी येत नाही.