ज्वालामुखीचं बेट, आपल्या दारातलं

वेस्ट इंडीज म्हटलं की आपल्या घरातल्या पुरुषमंडळींना क्रिकेट आठवतं. पण त्या भागातली कितीतरी बेटं ज्वालामुखीतून वर आली आहेत, हे सहसा कुणाच्या ध्यानात नसतं. तिथल्या मार्टिनिक बेटावरचा डोंगर ८ मे १९०२ रोजी फुटला आणि सेंट पिएर हे गजबजलेलं शहर काही मिनिटांत राख झालं. सुमारे २८,००० माणसं गेली. सेंट व्हिन्सेंटचा सूफ्रिएर तर अगदी अलीकडे, एप्रिल २०२१ मध्ये जागा झाला. आता इतक्या लांब जाऊन ज्वालामुखी पाहणं तुमच्या-माझ्या बेतात बसणारं नाही. आणि जायला हवंच असंही नाही! गेटवेहून तासाभराच्या लाँचप्रवासावर आपलं घारापुरी आहे ना.

घारापुरीला आपण लेण्यांसाठी जातो. पण ते बेट ज्या काळ्या पाषाणाचं आहे, तो लाव्हाच आहे. सुमारे सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनभर जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला रस पसरत गेला. थर थंड झाला की काही काळाने त्यावर दुसरा, मग तिसरा. एकावर एक धिरडी रचावीत ना, तसा आपला सह्याद्री रचला गेला. दोन थरांमध्ये कधीकधी बराच काळ लोटे, तेवढ्यात तळी साचत. वरळीला अशाच मधल्या थरात इवल्याइवल्या बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत. वर्गात हे सांगितलं तेव्हा मुली डोळे विस्फारून म्हणाल्या, "बाई, आपल्या वरळीला?"

याच कठीण दगडात, बहुतेक अभ्यासकांच्या मते सहाव्या शतकाच्या मध्यावर, कारागिरांनी शिवाचं लेणं खोदलं. वीस फुटांच्या आसपास उंचीचं ते त्रिमुख साऱ्यांना माहीत आहे. पण तुम्ही शिवपार्वतीच्या लग्नाचा देखावा पाहायला विसरू नका. पार्वतीने मान किंचित झुकवली आहे. आमच्या सासूबाई तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "दगडाची असली तरी लाजतेय बघ पोर!" आणि हो, ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' नाव दिलं, तो हत्ती आता बेटावर नाही. १८६४ साली हलवताना तो फुटला. पुढे तुकडे जोडून उभा केलेला तो हत्ती आपल्या राणीच्या बागेत आहे. लालबाग-परळच्या मुलांना तो एखाद्या रविवारी जरूर दाखवावा.

आम्ही गेलो ते फाल्गुनात. महाशिवरात्रीची गर्दी ओसरलेली असते, समुद्र शांत असतो आणि उन्हाचा तडाखा अजून सुरू झालेला नसतो. आमच्या 'ह्यां'चा मात्र आधी साफ नकार होता. कारण सर्वांना ठाऊक आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाची वेगवान बोट घारापुरीला निघालेल्या प्रवासी लाँचवर आदळली आणि त्यात १५ जण दगावले. भीती खोटी नव्हती. घरात दोन दिवस यावर बोलणं झालं. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "भिऊन घरात बसायचं की सांभाळून जायचं, ते ठरवा." त्या अपघातानंतर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं आहे. तरी आपण ते मागून घ्यावं, मुलांच्या मापाचं आहे ना ते पाहावं आणि बंद स्वतःच्या हाताने आवळावेत. लाँच खचाखच भरलेली दिसली तर सरळ पुढची धरावी. यात संकोच कसला?

धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी आहे. पुढे सुमारे १२० पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्चीची डोली मिळते, पण भाडं आधी ठरवून घ्यावं. सासूबाईंनी डोली नाकारली आणि दर वीस पायऱ्यांनी बसत वर पोचल्या.

पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दुकानं आहेत. कैरी-काकडी विकणाऱ्या एका बाईंशी गप्पा झाल्या. बेटावर शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशी तीन गावं आहेत. समोर सारी मुंबई झगमगत असताना या गावांत संध्याकाळी काही तास जनरेटर चाले, तेवढाच उजेड. समुद्राखालून केबल टाकून वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये! "आता मिक्सर आहे, पण गिऱ्हाईक हवं," त्या म्हणाल्या. "लाँच बंद, की आमची चूल बंद." अपघाताच्या बातमीची ही बाजू माझ्या मनात आली नव्हती. त्यांच्याकडून कैऱ्या घेतल्या, घासाघीस केली नाही.

जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा:

सोमवारी लेणी बंद असतात. सकाळची पहिली लाँच गाठावी आणि परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ उतरल्याबरोबर विचारून घ्यावी.

डब्यात दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणीची चटणी न्यावी. भाताचे प्रकार उन्हात आंबतात. डबा झाकणाचा असावा आणि पिशवीत खोल ठेवावा, कारण माकडं हातातला खाऊ ओढून नेतात.

पाणी पुरेसं घ्यावं. पन्ह्याचा गोळा आणि थोडं मीठ बरोबर असलं तर उत्तम.

लाँच लागत असेल तर रिकाम्या पोटी चढू नये. आवळासुपारी तोंडात धरावी आणि नजर लांबवर ठेवावी.

रिकाम्या पिशव्या आणि बाटल्या परत घरी आणाव्यात. बेटावरच्या बायकांना आपला कचराही आवरावा लागू नये.