गल्लीतले रोडावलेले मांजर

भाषणाचा विषय कोणता, असे घरी विचारले गेले तेव्हा मी म्हटले, "मांजर." आमची धाकटी मुलगी टाळ्या पिटू लागली, पण सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, वर्गात अर्थशास्त्र शिकवता, आणि रेडिओवर मांजर?" परंतु मला विचाराल तर हा विषय वाटतो तितका क्षुल्लक नाही. गल्लीत एक मांजर रोज दिसते. दिवसेंदिवस वाळत जाते. त्याची पाठीची मणकी दिसू लागतात. ते आपले नसते. कोणाचे आहे हेही ठाऊक नसते. जाता-येता मनात एकच प्रश्न घोळतो: आपण यात पडावे, की पडू नये? "आपल्याला काय करायचंय?" म्हणून पुढे जाणे चूक ठरू शकते, आणि कळवळून धावून जाणे हीसुद्धा चूक ठरू शकते. मी या दोन्ही चुका केलेल्या आहेत, म्हणून तर बोलायला बसलो. मी काही पशुवैद्य नव्हे. जे पाहिले, आणि नंतर जाणकारांना विचारून जे समजून घेतले, तेच सांगतो.

माझी नोकरी सांगलीत आणि वडिलोपार्जित घर साताऱ्यात. आई तिकडेच असते. त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी माझी सांगली-सातारा फेरी होते. पहिली हकिगत सांगलीची आहे.

आमच्या गल्लीत एक करडी मांजरी येत असे. पोट खपाटीला गेलेले, कंबरेची हाडे वर आलेली. खायला दिले की अधाशासारखे खाई आणि लगेच पसार होई. शेजारचे एक काका मनाचे मोठे प्रेमळ. ते म्हणाले, "सर, इथं हिची उपासमार होतेय. मार्केट यार्डात सोडू. तिथं हळदीची, गुळाची, धान्याची गोदामं आहेत, उंदरांना तोटा नाही. सुखात राहील बिचारी." मला ते पटले. त्यांनी मांजरी धरली आणि पोत्याचे तोंड मी उघडून धरले. आम्ही तिला सोडून आलो आणि काहीतरी पुण्य केल्याच्या आनंदात झोपलो.

दुसऱ्या रात्री आमच्या माळ्यावरून बारीक आवाज येऊ लागला. शिडी लावून पाहिले, तर जुन्या गादीच्या मागे चार पिल्ले. डोळे नुकते कुठे उघडलेले. मांजरी कशाने वाळली होती, ते तेव्हा कळले. आम्ही दोघे बॅटरी घेऊन यार्डात दोन रात्री फिरलो. ती काही सापडली नाही. पिल्लांना दर दोन-तीन तासांनी ड्रॉपरने दूध पाजण्याची खटपट केली. चारांतली दोन जगली. काकांना मी कधी दोष दिला नाही. पोत्याचे तोंड माझ्या हातात होते.

म्हणून पहिली गोष्ट ही, की रोड मांजर म्हणजे उपाशी मांजर, असे समीकरण मांडू नये. मांजरीचे दिवस साधारण नऊ आठवड्यांत भरतात. पहिले तीन-चार आठवडे पिल्ले केवळ आईच्या दुधावर असतात, आणि ती पुरती सुटी व्हायला आठ आठवडे लागतात. या काळात तिला नेहमीच्या दुप्पट, कधी त्याहूनही अधिक अन्न लागते. तिच्या अंगावरचे मांस दुधाच्या रूपाने पिल्लांच्या पोटात जात असते. ओळखायची खूण सोपी आहे: पोटाखालची स्तने ओघळलेली दिसतात, त्यांच्याभोवतीचे केस विरळ झालेले असतात, आणि खाऊन झाले की ती एकाच दिशेला घाईने निघून जाते. अशी मांजरी दिसली तर तिला हलवू नये. जिथे ती येते तिथेच अन्न ठेवावे.

आता दुसरा प्रश्न. मांजर हे कोणाच्या जबाबदारीचे? गाय-बैल आपण दावणीला बांधतो. मांजराचे तसे नाही. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनाशेजारी मांजर पुरलेले सापडले आणि ते संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. माणूस धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आले, असे जाणकार मानतात. म्हणजे ते आपल्याकडे आले ते स्वतःच्या मर्जीने. आजही ते दोन-तीन घरी जेवते आणि चौथ्या घरी झोपते. "कुत्रा माणसाचा, मांजर घराचं," असे जुनी माणसे म्हणतात, त्यातही तथ्य आहे. कृष्णेच्या पुरात, २०१९ च्या ऑगस्टमध्ये काय किंवा २०२१ च्या जुलैमध्ये काय, सांगलीची कितीतरी घरे सोडावी लागली. अशा वेळी मांजराला टोपलीत घालून नेले तर ठीक. नाहीतर ते आपल्या कौलाकडे पाहत मागेच राहते. तेव्हा "ते आपलं कुठं आहे?" हा प्रश्न बरोबर असला, तरी त्याचे उत्तर 'कोणाचेच नाही' असे क्वचितच असते. बहुधा ते थोडे थोडे सगळ्यांचे असते. आणि सगळ्यांचे असले, की 'दुसरा कोणी घालत असेल' अशा समजुतीत ते उपाशी राहते. आमच्या अर्थशास्त्रात सामाईक कुरणाची जी गत सांगतात, तीच ही.

आता साताऱ्याची हकिगत. गेल्या वर्षी आईने फोनवर सांगितले, "अरे, एक पांढरं-पिवळं मांजर रोज येऊन ओट्यावर बसतं. मी दूध ठेवते. पितं, आणि मग त्याला जुलाब होतात." मी गेलो तेव्हा पाहिले. त्याचे अंग राठ, केसांच्या गाठी झालेल्या. मांजर हा मोठा टापटिपीचा प्राणी. त्याने अंग चाटणे सोडले, तर आत काहीतरी बिघडले आहे असे समजावे. पोळीचा तुकडा टाकला. त्याने हुंगला, तोंडात घेतला, मान वाकडी केली, टाकून दिला आणि पंजाने तोंड पुसू लागले. भूक होती, पण खाववत नव्हते.

सांगलीचा धडा विसरलो नव्हतो. या वेळी मी पोते शोधले नाही. आधी मालकाचा शोध घ्यायचे ठरवले. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा उंदरांचा जुना प्रश्न आहे. मी घंटेऐवजी चिठ्ठी बांधली. साध्या कागदाची पट्टी, दोन बोटे आत जातील इतकी सैल आणि कुठे अडकलीच तर फाटून जाईल इतकी तकलादू. दोरा मुद्दाम वापरला नाही, त्याने फास बसतो. पट्टीवर लिहिले: "हे मांजर आपले आहे काय? ते आजारी दिसते. कृपया कळवावे." खाली घराची खूण दिली.

दुसऱ्या दिवशी मांजर परतले. पट्टी तीच, मागच्या बाजूला पेन्सिलीचे थरथरते अक्षर: "माझी आहे. नाव सोनी. मला जिना उतरवत नाही."

चिठ्ठी मागच्या वाड्याच्या माडीवरून आली होती. तिथे एक आजी एकट्या राहतात. महिन्यापूर्वी पाय घसरून पडल्या, तेव्हापासून खाली उतरल्या नव्हत्या. कामाची बाई सोडून गेली होती; तीच सोनीसाठी बाजारातून सुकट आणायची. आता आजींचे चहा-बिस्किटावर भागत होते आणि सोनीचेही त्यावरच. मी म्हटले, "आजी, हाक मारायची होती." त्या म्हणाल्या, "कुणाला मारू, बाळ? खिडकी तिकडच्या बाजूला." माझी आई त्याच आळीत चाळीस वर्षे राहते. आम्ही मांजराकडे पाहिले म्हणून त्या माडीकडे आमचे लक्ष गेले. नुसते दूध ठेवत राहिलो असतो, तर गेले नसते.

सोनीला झाकणाच्या टोपलीतून पशुवैद्यांकडे नेले. हिरड्या सुजल्या होत्या, दोन दाढा किडल्या होत्या. भूल देऊन त्या काढल्या, आणि दोन महिन्यांत तिच्या बरगड्या मांसाखाली गेल्या. आजींचा दुपारचा डबा आईकडून जाऊ लागला. त्यांच्या मुलाला मुंबईला कळवले. त्याने येऊन पायाचे औषधपाणी केले.

पशुवैद्यांनी मला काही खुणा सांगितल्या, त्या आपल्याही उपयोगी पडतील. खूप खाऊनही वाळणाऱ्या तरुण मांजराला बहुधा जंत असतात. म्हातारे मांजर खाते पण झडते आणि सारखे पाणी पिते, तेव्हा मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा दोष असू शकतो. तोंडाला दुर्गंधी आणि लाळ असेल, तर दात-हिरड्या पाहाव्यात. पूर्ण वाढलेले मांजर साधारण तीन ते पाच किलोंचे असते. पाठीवरून हात फिरवला असता बरगड्या हाताला लागाव्यात, पण दुरून दिसू नयेत. अन्नाला तोंडच न लावता एक-दोन दिवस गेले, तर वाट पाहत बसू नये.

आता दुधाविषयी. मांजर आणि दूध यांची जोडी आपल्या मनात पक्की बसलेली आहे, परंतु बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही. म्हणून जुलाब होतात. मांजर मुळात मांसाहारी. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. ते मांस-मासळीतूनच मिळावे लागते. ते न मिळाल्यास दृष्टी जाते, असे १९७० नंतरच्या दशकात दिसून आले, आणि हृदयही दुबळे होते, हे १९८७ साली सिद्ध झाले. आपल्या आजीच्या काळचे मांजर दूधभातावर जगे असे वाटते. खरे तर ते कोठीतल्या उंदरांवर जगे, दूधभात हा वरचा प्रसाद. आज घरे पक्की झाली, कोठ्या गेल्या आणि प्रसाद तेवढा राहिला. म्हणून द्यायचे तर उकडलेले अंडे, काटे काढलेली उकडलेली मासळी किंवा मीठ-मसाल्यावाचूनचे कोंबडीचे तुकडे द्यावेत. कांदा-लसूण त्याला विषासारखा. फार दिवसांच्या उपाशी जनावरास एकदम पोटभर घालू नये. थोडे थोडे, दिवसातून चार वेळा द्यावे. आणि आपल्या घरातली तापाची गोळी कधीही देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

हातांचीही काळजी घ्यावी. अनोळखी मांजर चावले किंवा बोचकारले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पिसाळण्याचा रोग कुत्र्यापासूनच होतो असे नाही.

उपचाराची सोय आपल्या भागात नाही असे नाही. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. तिथे गायी-म्हशींची गर्दी असते, म्हणून मांजर नेताना थोडा संकोच वाटतो. तो बाळगू नये. सातारा जिल्ह्यातच शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९८८ पासून आहे.

कायदाही मुका नाही. राज्यसभेच्या सदस्या, नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या खटपटीतून १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. १९६२ साली प्राणी कल्याण मंडळ स्थापन झाले आणि त्याच त्याच्या पहिल्या अध्यक्ष. पाळलेल्या प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे, किंवा तो भुकेने-तहानेने तळमळेल अशा स्थितीत वाऱ्यावर सोडून देणे, हा या कायद्याने अपराध आहे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्यही ठरले. हे ऐकल्यावर, यार्डात सोडलेल्या त्या करड्या मांजरीची आठवण होऊन माझी मान खाली जाते.

एक गोष्ट उरली. मांजरीला नुसते खाऊ घालत राहिलो, तर वर्षातून दोन-तीन वेळा ती विते, आणि एका उपाशी मांजराची दहा होतात. पिल्ले सुटी झाली की तिची नसबंदी करून घ्यावी. गल्लीतल्या पाच घरांनी खर्च वाटून घेतला तर तो कोणालाच जड होत नाही. सामाईक कुरणावरचा उपाय तोच.

तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला एकनाथांनी कावडीतले पाणी पाजले, आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, या कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांतली दया आपण लक्षात ठेवतो. पण गाढवाला पाणीच हवे होते आणि पोळी कोरडी होती, हे त्यांनी आधी पाहिले होते, हे मात्र विसरतो. तेव्हा श्रोतेहो, यात पडावे की नाही, या प्रश्नाला माझे उत्तर 'पडावे' असेच आहे. मात्र आधी दोन-चार दिवस नीट पाहावे, शेजारी-पाजारी विचारावे, आणि मग हात घालावा.

माळ्यावरची ती दोन पिल्ले आता मोठी झाली आहेत. हे लिहीत असताना त्यांतले एक माझ्या कागदांवर बसले होते, म्हणून भाषण थोडे उशिरा पुरे झाले.